१९८४ची पद्मिनी, २०१८पासून उभी, आरसी संपलेली: रस्त्यावर आणायला सुरुवात कुठून?

वरंधा_घाट

मंडळी, नमस्कार. प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, ऑगस्ट १९८४ची नोंदणी, पुण्याचं पासिंग, 'एम'ने सुरू होणारा जुना तीन अक्षरी नंबर. गाडी चिपळूणजवळ पत्र्याच्या शेडमध्ये २०१८पासून उभी आहे. आरसीची मुदत ऑगस्ट २०१९ला संपली. मूळ मालक वारले, त्यांचा मुलगा विकतोय. जुनं पुस्तक आहे, टॅक्सची पानं आहेत. इंजिन हाताने फिरत नाही. डाव्या दाराखालचा पत्रा बोटाने दाबला की आत जातो.

गाडी रोजच्या वापराला नको आहे. रविवारी सिंहगड पायथा, वर्षातून दोनदा कोकण, एवढंच. प्रश्न तीन. आधी इंजिन, पत्रा की कागद? आरसीचं नूतनीकरण आता होतं का? 'पंधरा वर्षांनी गाडी भंगारात' असं जो तो सांगतोय, त्यात तथ्य किती?

---

नमुना_२५

तिसऱ्याचं उत्तर आधी. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनी सक्तीचं भंगार नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१प्रमाणे नोंदणी पहिली १५ वर्षं, मग दर वेळी ५ वर्षं वाढवून मिळते. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या ज्या गाड्यांची नोंदणी संपते त्या सरकारी मालकीच्या. दिल्ली आणि आसपासचा प्रकार वेगळा, तो इथे लागू नाही.

आता क्रम. कागद आधी. इंजिनला हात लावू नका, पत्र्याला लावू नका, टोकनही देऊ नका. खालच्या गोष्टी जुळल्या तरच पुढे जा.

परिवहनच्या साइटवर किंवा अॅपवर नंबर टाकून रेकॉर्ड दिसतंय का ते बघा. तीन अक्षरी नंबरच्या पुष्कळ गाड्या अजून जुन्या रजिस्टरमध्येच आहेत, संगणकात आलेल्या नाहीत. न दिसल्यास ज्या आरटीओत पासिंग झालं तिथे 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते. त्याला मूळ पुस्तक, टॅक्सच्या पावत्या आणि चासी नंबरचा पेन्सिल-छाप लागतो. तुमच्याकडे पुस्तक आहे, म्हणजे अर्धं काम झालं. पुस्तक हरवलेलं असतं तर पोलिसांत तक्रार आणि नमुना २६, म्हणजे दुसऱ्या प्रतीचा अर्ज.

रेकॉर्ड दिसलं तर त्यात चार गोष्टी वाचा: स्थिती, बोजा, चलनं, काळी यादी. जुन्या गाडीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो, कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलं असलं तरी. तो नमुना ३५ने उतरवतात. पण ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असली की पत्र मिळवायला महिने जातात. हे काम विकणाऱ्याने करायचं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नोंदणी रद्द झालेली नाही ना. मालकाने कधी गाडी मोडीत काढल्याचं कळवून कलम ५५खाली नोंदणी रद्द केली असेल तर तो नंबर संपला. तसल्या गाडीत पैसा घालणं म्हणजे बागेत ठेवायचं शिल्प घेणं.

शेवटचं: चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा, पुस्तकाशी ताडा. एजंटचं ऐकू नका.

---

तेलकट_हात

नमुना_२५ यांच्याशी सहमत, फक्त एक जोड. चासी नंबर वाचायला ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश वापरू नका. चाळीस वर्षांत रंगाचे तीनचार थर चढलेले असतात आणि खालचा ठसा फार खोल नसतो. पेंट रिमूव्हर लावा, दहा मिनिटं थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. छाप घेऊन झाला की त्या जागेवर ग्रीसचा हात मारा. एकदा ठसा पुसट झाला की इन्स्पेक्टर 'छेडछाड' या शब्दापाशी थांबतो आणि फाइल तिथेच बसते.

आणि इंजिन फिरत नाही म्हणून स्टार्टर मारू नका, गाडी ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये टाकू नका. रिंगा सिलिंडरला गंजून चिकटल्या असतील तर जोर लावला की रिंग तुटते, पिस्टनची कड उडते. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात १०–१५ मिली पातळ तेल आणि थोडं डिझेल सोडा, चिंधीने भोकं झाका, दोनतीन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे डोलवा. पुढेच रेटू नका. पाव फेरा सुटला की परत तेल. कोकणातल्या दमट हवेत आठवडा लागू शकतो.

सुटलं तरी लगेच चालू करायचं नाही. जुनं ऑइल काढा, चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) उतरवून तळाचा गाळ बघा, ऑइल पंपाची जाळी धुवा. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० साधं मिनरल ऑइल भरा. महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनात फक्त सीलमधून बाहेर येतं. प्लग न लावता स्टार्टरवर फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला की कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, बघा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे पाहा. दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

---

वरंधा_घाट

धन्यवाद दोघांना. रेकॉर्ड दिसतंय, बोजा नाही, चलन नाही. इंजिन नंबर अजून वाचला नाही, त्यावर काळ्या तेलाचा थर आहे.

एकजण म्हणाला की 'व्हिंटेज'मध्ये नोंद करून टाक, दहा वर्षं कटकट नाही. खरं आहे का?

---

नमुना_२५

तुमच्या गाडीला लागूच नाही. व्हिंटेजचे नियम जुलै २०२१मध्ये आले (केंद्रीय नियमावलीतले ८१-अ पासूनचे). त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण हवीत. तुमची गाडी ऑगस्ट २०३४ला पात्र होईल. तोवर मूळ इंजिन, सांगाडा, बॉडी तशीच राहायला हवी, मोठा बदल झालेला चालत नाही.

पात्र असती तरी माझं मत 'नको' असंच आहे. व्हिंटेजची नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणी ५,०००. नवीन नोंदणी असेल तर नंबरात 'व्हीए' येतं, आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. इथवर छान. पण गाडी नियमित रस्त्यावर चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल यासाठीच. दर रविवारी सिंहगड यात बसत नाही. ज्यांच्याकडे पन्नाशीतली 'डुक्कर फियाट' झाकून ठेवलेली आहे त्यांच्यासाठी तो मार्ग. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने साधं नूतनीकरण करावं.

आता साध्या नूतनीकरणाचा हिशोब, कारण खरा चटका इथे बसतो.

गाडी वीस वर्षांवरची, म्हणून ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेप्रमाणे चारचाकीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये. (आधी ५,००० होतं. आयात गाडीला आता ८०,००० आहे, तेव्हा देशी गाडी घेताय म्हणून देवाचे आभार माना.) उशिराचा दंड दर महिन्याला ५००. ऑगस्ट २०१९ला संपलेली, सहा वर्षं धरली तरी ७२ महिने, म्हणजे ३६,००० रुपये. पुढचा प्रत्येक सुरू झालेला महिना वेगळा. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी, कार्डाचं शुल्क आणि नंबरप्लेट.

थोडक्यात गाडी फुकट मिळाली तरी पन्नासएक हजार कागदांतच आहेत. किंमत ठरवताना हा आकडा विकणाऱ्यासमोर मांडा.

---

चोक_ओढा

कोविडच्या काळात सगळ्या कागदांना मुदतवाढ होती ना? मग तेवढे महिने दंड माफ नाही का होत?

---

नमुना_२५

ती वाढ १ फेब्रुवारी २०२०पासून पुढे मुदत संपलेल्या कागदांना होती, ऑक्टोबर २०२१अखेरपर्यंत. यांची आरसी ऑगस्ट २०१९लाच संपली, म्हणून त्यात बसत नाही. सहा महिने नंतर संपली असती तर भांडायला जागा होती.

वारसाचंही लिहून टाकतो. मृत मालकाच्या नावावरून थेट तुमच्या नावावर नेण्याचा आग्रह धरू नका. आधी मुलगा नमुना ३१ने गाडी स्वतःच्या नावावर करतो. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. बहीण परदेशी असली की इथेच दोन महिने जातात. मग नमुना २५ने नूतनीकरण, त्यासाठी चालू विमा आणि पीयूसी हवं, गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते. मग नमुना २९च्या दोन प्रती आणि नमुना ३० तुमच्या नावासाठी.

व्यवहारात पेच असा की नूतनीकरणासाठी गाडी चालती हवी आणि चालती करायचा खर्च तुम्ही करणार, पण गाडी अजून त्याच्या नावावर. यावर मार्ग एकच: नमुना ३१ पूर्ण होऊन नवं कार्ड त्याच्या हातात पडल्यावर पैशांचा पहिला हप्ता आणि साध्या कागदावर नव्हे, स्टँपवर करार. त्याआधी वेल्डरला बोलावू नका.

---

पत्रेकाम

मी फक्त पत्र्याबद्दल बोलतो. बोटाने पत्रा आत जातो म्हणालात, ती जागा बहुतेक सिल आहे. दाराखालची डबी. या गाडीला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. म्हणून सिल कुजलं की नुसतं दिसायला वाईट नसतं, गाडी मधून वाकते. तपासायची सोपी रीत: गाडी जमिनीवर असताना दार उघडून लावा. मग जॅक देऊन ती बाजू उचला आणि दार परत लावा. कडी वर-खाली भिडायला लागली, फटीची रुंदी बदलली, तर सांगाडा मऊ झालाय.

बाकी जागा: मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगांचं) पुढचं टोक जिथे बॉडीला धरलंय ती जागा (सर्वांत धोक्याची), डिकीतला स्टेपनीचा खड्डा, पायाखालचा फ्लोअर, बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या मडगार्डचा आतला भाग आणि दारांची तळकड. दारांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. ती मागच्या कुणीतरी लांबी (पुट्टी) भरताना बुजवून टाकलेली असतात, मग दार आतून कुजतं. चुंबक घेऊन जा. पातळ कापड मध्ये धरून पत्र्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे.

काम कसं करायचं. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरका पाइप वेल्ड करा. अँगलही चालेल. हे टाळलं आणि दोन्ही बाजूंची सिल्स एकदम कापली, तर नवी बसवल्यावर दारं कधीच लागत नाहीत. एक बाजू पूर्ण करा मग दुसरी. गाडी स्टँडवर पाट्यांच्या आणि पुढच्या क्रॉस मेंबरच्या खाली टेकवा, मध्यावर नाही.

सिलला १८ गेज (सव्वा मिमीच्या आतबाहेर), फ्लोअरला आणि दाराला २० गेज सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्डिंगला त्रास देतो आणि त्याचा धूर घातक आहे. सीओटू वेल्डिंग, टाके टाकत, एका जागी सलग ओढत नाही. साध्या आर्कने हा पत्रा जळतो. गॅस वेल्डिंगवाला जुना कारागीर मिळाला तर उत्तम, पण दाराच्या मोठ्या सपाट पत्र्यावर गॅसने लाट येते.

जुन्या पत्र्यावर नवा तुकडा चढवून देणारे पुष्कळ आहेत. 'पॅच मारतो, दोन दिवसांत देतो.' दोन थरांच्या मध्ये पाणी अडकतं आणि एका पावसाळ्यात फुगा येतो. कुजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा, मगच नवा.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, टाकी गाडीबाहेर काढा. 'रिकामी आहे' म्हणून सोडू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाफेची टाकी वाईट.

---

काटा_पाना

पत्रेकाम यांना एक प्रश्न. सिलच्या आत काय मारता? अंडरकोटिंगवाले आतून डांबरी फवारा मारून देतात, स्वस्त पडतं.

---

पत्रेकाम

डांबरी थर वाळला की त्याला भेगा पडतात आणि भेगेतून गेलेलं पाणी त्याच्या मागे बसतं. बाहेरून काळाभोर मस्त दिसतो, आतून पत्रा संपतो. डबीच्या आत मेणाचं कॅव्हिटी वॅक्स, लांब नळीने, दोन्ही टोकांकडून. नसलं तर जाडं ग्रीस पातळ करून फवारा. बाहेरच्या अंगाला फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, ते पूर्ण धुऊन सुकवून मग इपॉक्सी प्रायमर. कन्व्हर्टरचा चिकटा राहिला तर इपॉक्सी पकडत नाही.

रंगाबद्दल एवढंच: आरसीत जो रंग लिहिलाय तोच मारा. दुसरा मारायचा असेल तर तो आरसीत नोंदवावा लागतो आणि तुम्हाला आधीच कागद पुष्कळ आहेत. रंग सगळ्यात शेवटी. पासिंग होण्याआधी चकाचक रंग मारलेल्या गाडीवर ब्रेक ऑइल सांडणं ठरलेलं आहे आणि ब्रेक ऑइल रंग खातं.

---

तेलकट_हात

ब्रेक. इन्स्पेक्टर एक वेळ हॉर्न सोडेल, ब्रेक सोडणार नाही, आणि सोडूही नये.

चारही चाकांना ड्रम आहेत. इतकी वर्षं उभ्या गाडीत ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी ओढलेलं असतं, ते व्हील सिलिंडरच्या तळाला बसतं आणि तिथे खड्डे पडतात. नुसते रबर बदलून उपयोग नाही. सिलिंडर उघडा, बोर कोरडा करून बॅटरीच्या उजेडात बघा. हलका डाग असेल तर बारीक होनिंगने (आतून घासून) जातो. नखाला लागणारा खड्डा असेल तर सिलिंडर नवा. मास्टर सिलिंडरला हाच नियम. रबरी होज सगळे नवे, विचार करायचाच नाही. ते बाहेरून चांगले दिसतात, आतून फुगून बंद होतात. मग ब्रेक लागतो, पण पाय काढला तरी सुटत नाही आणि लोक शू बदलत बसतात.

स्टीलचे पाइप बाहेरून गंजलेले असतील तर पूर्ण लांबीचे बदला, मध्ये कापून जोड देऊ नका. ड्रम लेथवर साफ करून घ्या, पण आधी व्यास मोजा. पूर्वी तीनचार वेळा घासलेला ड्रम पातळ झालेला असतो, गरम झाला की फुगतो. सिंहगडावरून उतरताना ब्रेक हरवतो तो यामुळे.

डॉट ३ ऑइल, सीलबंद डब्यातलं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल जमिनीपर्यंत आपटू नका. जुन्या मास्टर सिलिंडरचा वॉशर बोरच्या गंजक्या भागात जाऊन फाटतो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा.

आता किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती), पद्मिनीचं दुखणं. पुढचं चाक उचलून बाराला आणि सहाला धरून हलवा. खडखड आली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाचं बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन. बुश बदलल्यावर रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) मारावाच लागतो. 'ठोकून बसवतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, स्टीअरिंग दगडासारखं होतं. ग्रीस भरताना गाडी उचलून चाक लोंबतं ठेवा. भार असताना भरलेलं ग्रीस ज्या बाजूला घर्षण आहे तिथे पोचतच नाही. निपलमधून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा.

गिअर ऑइल: गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं, मागच्या डिफरन्शिअलला जीएल-५. दोन्हीकडे एकच डबा ओतायची पद्धत आहे, ती वाईट. जीएल-५मधली काही रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगा (गिअर न खरखरता पडू देणाऱ्या) खातात. पहिल्याला सिंक्रो नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका. स्टीअरिंगवरचा गिअर अडकत असेल तर गिअरबॉक्स उघडायच्या आधी दांड्यांची बुशं बघा. दहापैकी आठ वेळा तिथेच असतं.

---

चोक_ओढा

पेट्रोलची बाजू मी घेतो. हल्ली पंपावर येतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. १९८४ची गाडी यासाठी बनलेली नाही. तीन वेगवेगळ्या अडचणी येतात.

एक, रबर. जुना काळा पेट्रोल पाइप काही महिन्यांत मऊ होतो, मग भेगाळतो आणि तो एग्झॉस्टच्या जवळून जातो. पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे वॉशरही तसेच. पाइपवर 'एसएई जे३० आर९' लिहिलेलाच घ्या. दुकानात मीटरवर मिळणारा पारदर्शक पिवळा पाइप घेऊ नका. नाना पेठेत मागितला तर मिळतो, ठसा वाचून घ्या. पंपाचं किट घेताना इथेनॉलला चालणारा पडदा आहे का विचारा.

दोन, पाणी. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाला बसतात. पिकअप नळी तळातूनच ओढते. म्हणून महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवा, आत हवा कमी, ओल कमी. टाकी बाहेर काढलीच आहे तर आतला गंज बघा. सायट्रिक अॅसिड कोमट पाण्यात, आत साखळीचा तुकडा टाकून हलवा. एक दिवस ठेवा, सोड्याने धुवा, लगेच गरम हवेने सुकवा. सुकवायला उशीर केला तर तासाभरात परत लाल.

तीन, मिश्रण. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकावर) गाडी थोडी कोरडी, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, अशी चालते. लक्षणं: चोक जास्त वेळ लागतो, सोडल्यावर धक्का, प्लग पांढरे. मेन जेट एक माप वाढवून बघा. ड्रिलने जेट मोठा करू नका, भोक वाकडं होतं आणि परत येत नाही. उन्हाळ्यात वाफेने पेट्रोल अडण्याचा त्रासही वाढतो, कारण पंप इंजिनच्या अंगावर आहे. पंपाखालचा जाड इन्सुलेटर काढून टाकलेला असेल तर परत बसवा. इलेक्ट्रिक पंप लावायचाच असेल तर दोनतीन पीएसआयचा. इंजेक्शनच्या गाडीचा लावला तर नीडल दाब पेलत नाही आणि कार्बोरेटर वाहतो.

शिसं गेल्याबद्दलही लोक घाबरवतात. देशात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, ही गाडी त्यानंतर अठरा वर्षं चालली आहे. टॅपेटची फट दर तीन हजार किमीला मोजा. वारंवार कमी होत असेल तर एग्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) बसतेय, तेव्हा हेड उतरवून कडक सीट बसवा.

पीयूसी: इतक्या जुन्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा सोप्या आहेत, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. गाडी दहा किमी चालवून गरम करून न्या. थंड गाडी चोकवर नेऊन नापास होणारे खूप. हायड्रोकार्बन जास्त आलं तर आधी प्लग आणि डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बघा (पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिमी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२), मग कार्बोरेटरला हात लावा.

---

काटा_पाना

थंडाव्याचं कुणी बोललं नाही. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. मध्ये बोअरवेलचं पाणी राहिलं की हेडचे पाण्याचे रस्ते खाल्ले जातात. हेड उतरवलंच तर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने बघा, वाकलं असेल तर फेस मारून (सपाट घासून) घ्या. गॅस्केटच्या पाणी-भोकांभोवती खड्डे असतील तर भरून घ्यावे लागतील. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे परंपरा आहे. परत बसवा. तो नसला की इंजिन गरमच होत नाही, ऑइलमध्ये पाणी साठतं आणि पेट्रोल जास्त जातं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं.

वायरिंग: मागच्या तीन मालकांनी तीन रंगांच्या वायरी ओढलेल्या असणार. नवा हार्नेस घ्या, जोडकाम करू नका. दिवे मंद असतील तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग तपासा, इंजिन ते बॉडीची पट्टी बहुधा हिरवी झालेली असते. हेडलाइटला हॅलोजन लावणार असाल तर रिले हवा. ५५ वॉटचे दोन म्हणजे नऊ अँपियरच्या वर, एवढा भार चाळीस वर्षं जुन्या स्विचमधून नेला तर स्विच वितळतो. डायनॅमो असलेल्या गाडीत त्याहून मोठे बल्ब नकोच.

टायर ५.२०-१४. कितीही नक्षी शिल्लक असली तरी कडेवरचा चार आकडी कोड वाचा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष). दहा वर्षांवरचा टायर घाटात नको.

सुटे भाग कुर्ला सीएसटी रोड, ऑपेरा हाऊस, नाना पेठ. एक इशारा, २०२३मध्ये काळ्या-पिवळ्या पद्मिनी संपल्यावर टॅक्सीचे भाग भरपूर आले. दारं, काचा, बंपर खुशाल घ्या. इंजिन, स्टीअरिंग बॉक्स घेऊ नका, ते लाखो किमी फिरलेले असतात.

---

वरंधा_घाट

इंजिन नंबर वाचला. घोटाळा आहे. ऑनलाइन रेकॉर्डमधला शेवटचा आकडा आणि इंजिनवरचा आकडा वेगळा. बाकी सगळे आकडे तेच. चासी नंबर बरोबर जुळतो. आता?

---

नमुना_२५

घाबरण्याआधी तिसरा कागद बघा. जुन्या पुस्तकात हाताने काय लिहिलंय?

---

वरंधा_घाट

पुस्तकात इंजिनवर आहे तोच आकडा. '३' आहे, ऑनलाइन '८' झालाय.

---

नमुना_२५

मग ही टंकनाची चूक, पुस्तकावरून संगणकात भरताना झालेली. शाईचा ३ आणि ८ एकमेकांत मिसळतात, हे नेहमीचं आहे. पुस्तकाची प्रत, दोन्ही नंबरांचे पेन्सिल-छाप आणि दुरुस्तीचा अर्ज पुण्याच्या आरटीओत. हे काम नमुना ३१च्या आधी उरका आणि अर्ज मुलाच्या सहीने जाऊ द्या, तो वारस आहे. तुम्ही अजून कुणी नाही.

पुस्तकातही '८' असता तर गोष्ट वेगळी होती. म्हणजे मधे कुणीतरी दुसरं इंजिन बसवलं आणि नोंदवलं नाही. तेव्हा त्या इंजिनाचं बिल किंवा ज्या गाडीतून काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागतात, आणि चाळीस वर्षांनी तो कुणाकडेच नसतो. त्या परिस्थितीत गाडी सोडून द्या असंच सांगितलं असतं.

चिपळूणहून पुण्याला गाडी चालवत आणू नका. मुदत संपलेल्या आरसीवर रस्त्यावर सापडलात तर दंड, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, हप्ता भरलेला असला तरी. थर्ड पार्टी विमा १००० ते १५०० सीसीच्या गटात येतो (इंजिन १०८९ सीसी), मूळ हप्ता ३,४१६, अधिक जीएसटी. तो इन्स्पेक्शनच्या आठवड्यात काढा. आत्ता काढलात तर वेल्डरकडे उभी असतानाच वर्ष सरेल. फ्लॅटबेडवरून आणा, पुढची चाकं उचलून ओढणाऱ्या क्रेनवर नको.

---

पत्रेकाम

फ्लॅटबेडवर बांधताना पट्टे चाकांवरून किंवा मागच्या अॅक्सलवरून घ्या. सिलच्या जॅकिंग पॉइंटला हुक लावू देऊ नका. ड्रायव्हर तिथेच लावायला जाईल.

---

वरंधा_घाट

दुरुस्तीचा अर्ज या आठवड्यात मुलाकडून देतोय. नंबरप्लेट कधी? पितळी अक्षरांची जुनी पाटी ठेवता येईल का?

---

नमुना_२५

रस्त्यावर उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागेल, एप्रिल २०१९आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्ती आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. रेकॉर्डमधला इंजिन नंबर दुरुस्त झाल्यावरच बुक करा, कारण बुकिंगला चासी आणि इंजिनचे आकडे रेकॉर्डशी जुळवून घेतात. नंबर तीन अक्षरीच राहतो, एमएच-१२ होत नाही.

पितळी पाटी मागच्या सीटच्या पाठीला लावा.